कव्हर, इयत्ता तिसरी

वाङ्मयीन संशोधन ग्रंथालयात दुर्मिळ संग्रह सांभाळते, असं सांगितलं की नागपुरात हमखास ऐकायला मिळतं, "वा, मजा आहे बुवा! शांत नोकरी." माझं डोकंच फिरतं. एखादं अनोळखी हस्तलिखित टेबलावर येतं त्या दिवशी मला डबा खायचं भान राहत नाही, आणि हिला हे लोक शांत नोकरी म्हणतात.

प्रताप नगरच्या एका काकूंनी आणलेलं बाड असंच होतं. काकू साठी ओलांडलेल्या. त्यांचे वडील विणकरांच्या वस्तीत राहणारे शाळामास्तर. त्यांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली आणि ती कुठे छापली गेली नाही. मास्तरांच्या मागे ती काकूंच्या कपाटात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवलेली होती. फुलस्केपचे दुहेरी ताव, एकाच बाजूला लिहिलेले, एका तावावर दोन पानं. मास्तरांची एक लकब पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आली. ते ओळीतली अक्षरं आधी लिहीत आणि मग सगळ्यांवर मिळून एकच लांब शिरोरेघ ओढत. ती रेघ शेवटचं अक्षर सोडून बोटभर पुढे जायची, ब्रेक न लागलेल्या सायकलसारखी.

नोंद करताना वाचत बसायचं नाही, हे मीच नव्या मुलींना शिकवते. आणि मीच वाचत बसले. काय लिहिलं होतं त्या माणसाने! एक मास्तरीण सासरचं घर सोडायला निघते, एवढीच गोष्ट, पण मी दुपारचा चहा विसरले. पान दोनशे बारावर ती उंबऱ्यात उभी असते, हातातली ट्रंक खाली ठेवते, "आणि तिने", एवढ्यावर पान संपतं. पुढे काहीच नाही. मी बाड झटकलं, लुगड्याचा तुकडा उलटापालटा केला, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग काकूंना फोन लावला.

"नाही बा, तेवढंच आहे," काकू म्हणाल्या. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी फोनच ठेवला. पण मी हात धुऊन मागे लागणाऱ्यांपैकी आहे. आठवड्याने चौथा फोन केला, तर त्या दिवशी काकू स्वतःच ग्रंथालयात आल्या आणि पर्स मांडीवर धरून माझ्यासमोर बसल्या.

"ते पान मीनं घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "बाबा लिहून झालेला ताव पालथा ठेवत. वरून कोरा दिसे. मी तिसरीत होती. भूगोलाच्या पुस्तकाले कव्हर घालाचं होतं, म्हणून वरचाच ताव उचलला. कोपरे कापले, डिंक लावला, अन् मग आतमधे बाबाचं अक्षर दिसलं. मी भेलीच. गप्प राहिली. बाबानं कधी विचारलं नाही. पण त्याच्यानंतर त्यायनं एक ओळ लिहिली नाही, मॅडम. माझ्यानं बंद पडलं त्यायचं लिहिणं. हे मी आईले नाही सांगितलं, नवऱ्यालेही नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते. अशा वेळी माणसाने पाणी विचारावं. सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडून निघालं, "काकू, ते पुस्तक कुठंय?"

तेव्हा पाठ्यपुस्तकं घरोघर खाली सरकत. काकू चौथीत गेल्या तशी त्यांची तिसरीची पुस्तकं शेजारच्या विणकराच्या मुलीला मिळाली. ती मैत्रीण लग्न होऊन कामठीला गेली. "रद्दीत गेलं असन कधीचं," म्हणत काकूंनी माझ्या समाधानासाठी फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "तुह्यं भूगोलाचं पुस्तक? हो, आहे नं. काहून वं?"

मी खुर्चीतून ताडकन उठले. त्याच दुपारी रजेचा अर्ज टाकला आणि आम्ही दोघी कामठीच्या शेअर ऑटोत बसलो. मला बसल्या जागी चैन नव्हतं. काकू मात्र रुमालाची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

"पान सापडलं, अन् चांगलं निघालं तं?" त्या मध्येच म्हणाल्या. "तं माझा गुन्हा आणखीनच मोठा."

खरं म्हणजे मला ते पान चांगलंच निघायला हवं होतं.

मैत्रिणीच्या घरालगतच पॉवरलूम चालू होते, त्यामुळे सगळं बोलणं ओरडूनच. तिने ट्रंकेतून पुस्तक काढलं तेव्हा ते पन्नासहून जास्त वर्षं का टिकलं, ते कळलं. तिचे वडील हातमागावर लुगडी विणत आणि काठाचे नमुने त्या पुस्तकात जपून ठेवत. पानापानांत रेशमी काठांचे तुकडे, अजून लालबुंद. नागपूर जिल्ह्याच्या नकाशावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेला एक काठ चिकटवलेला. आणि वर चहाच्या रंगाचं झालेलं कव्हर.

मी लगेच अख्खं पुस्तकच मागितलं. सवयच ती.

"नमुने माह्या बापाचे, कव्हर तिच्या बापाचं," मैत्रीण म्हणाली. "कव्हर न्या." कोर्टात इतक्या चटकन निकाल लागत नाही.

डिंक वाळून भुगा झाला होता. कोपरे नुसत्या नखाने सुटले. असं काम परस्पर, कुणाच्या दिवाणावर बसून करायचं नसतं, पण मी केलं. ताव उलगडला. दोनशे तेरा! दोनशे चौदा! तीच लांब शिरोरेघ! मी मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून वाचायला लागले. मास्तरीण ट्रंकेची सैल झालेली दोरी पुन्हा बांधते, घट्ट, आणि निघते. मागे वळून पाहत नाही. पान चांगलं होतं, फार चांगलं होतं. वाचून संपल्यावर मी वर पाहिलं, तर काकूंचं लक्षच नव्हतं. त्या वाकून तावाची मागची बाजू पाहत होत्या. तिथे, कव्हराच्या दर्शनी बाजूला, लेबल होतं.

"हे माझं," त्या म्हणाल्या. लेबलाची कड सुटली होती आणि तिच्याखाली पेन्सिलीने वाकडंतिकडं त्यांचं नाव होतं. "पण हे वरचं? मले वाटे, शाळेतल्या बाईनं लावलं."

मी ताव दारातल्या उजेडात नेला. लेबलावर नाव, इयत्ता तिसरी, भूगोल. शाईने. आणि नावावर एकच शिरोरेघ, शेवटचं अक्षर सोडून बोटभर पुढे गेलेली.

मग मी काकूंना जवळ बोलावून दाखवलं. लेबल लावताना पुस्तक मास्तरांच्या हातात होतं. त्यांनी ते नुसतं उघडलं असेल, तरी कण्यापाशी कव्हराच्या फटीतून पहिलं दिसणार ते त्यांचंच अक्षर. डिंक तेव्हा ओलाच असणार, एक हिसका दिला असता तर ताव परत मिळाला असता. त्यांनी तो ओढला नाही. मुलीचं नाव नीट लिहिलं आणि वर चिकटवलं.

"म्हणजे बाबाले माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"अन् तू येड्यावानी एवढे वर्षं जीव जाळला!" मैत्रीण ओरडली.

"मंग त्यायनं पुढे काहून नाही लिहिलं, मॅडम?"

"मला माहीत नाही, काकू. पण पान हरवलं म्हणून नाही. ते कुठे आहे, हे त्यांना ठाऊक होतं."

काकू त्या दिवाणावर बसून खूप रडल्या. या वेळी मी पाणी आणून दिलं.

पुढच्या आठवड्यात मी नोंद पुरी केली. पृष्ठे २१३ ते २१४, एक दुहेरी ताव, कोपरे कापलेले, पुस्तकाच्या कव्हरासाठी वापरलेला, दर्शनी बाजूस लेखकाच्या हस्ताक्षरात लेबल. काकू मुद्दाम ती पाहायला आल्या. चष्मा लावून स्क्रीनवर ओळ न ओळ वाचली आणि म्हणाल्या, "एक राहिलं."

"काय?"

"कव्हर कोणं घातलं, ते नाही लिहिलं. मीनं घातलं, असं लिहा. मुलीनं, इयत्ता तिसरी."

मी तसं लिहिलं. काकूंनी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली. आमच्या ग्रंथालयात मोठ्याने वाचायला बंदी आहे. मी उठून दार लोटून घेतलं.