पहिल्या भागाचा शेवट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आजही सांगितलं नसतं, पण गेल्या आठवड्यात लायब्ररीचं पुस्तक परत करताना आतली खूण काढायची राहिली. पुस्तक चारशे पानांचं, खूण सतराव्या पानावर. खूण म्हणजे पुतणीची लग्नपत्रिका, तिच्यावर निमंत्रक म्हणून माझंच नाव, ठळक. लायब्ररीतल्या बाईंनी आधी पानाचा आकडा पाहिला, मग नाव, आणि पत्रिका माझ्या हातात ठेवली.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. लातूरला आमच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी आम्ही चौघं जमायचो. कल्पना माझीच — पाश्चात्त्य साहित्य-तत्त्वज्ञानातले थोर ग्रंथ, मराठी अनुवादात, आठवड्याला एक, पार ग्रीकांपासून. यादी मीच केली, वहीत रेघा मीच मारल्या. एक गणिताचे सर, एक मेडिकल दुकानवाले, मी, आणि दत्ता — बायकोचा धाकटा भाऊ, रेणापूरला वायरमन. नियम एकच : ज्याचं पुस्तक संपलं नाही त्यानं भजी आणायची.

भजी कायम दत्ताच आणायचा. मी? एकदाही नाही.

कसा संपवायचो, म्हणता? संपवतच नव्हतो. ग्रीकांपाशी दुसऱ्याच आठवड्यात दम तुटला. एका माणसाला तीन नावं, त्याच्या बापाला चार. पुढं एका जर्मन तत्त्वज्ञानं समोरची खुर्ची खरंच आहे का, यावर चाळीस पानं घातली — मी तसल्याच एका खुर्चीत घोरत होतो. नुसती चिडचिड व्हायची. पुस्तकावर, स्वतःवर, आठवड्याला सातच दिवस असतात त्यावर. मग युक्ती सापडली : प्रस्तावना वाचायची आणि शेवटची दहा पानं. मधलं सगळं ‘लेखकानं फार ताकदीनं उभं केलंय’. या एका वाक्यावर मी अर्धा युरोप पार केला.

दत्ता मात्र वाचायचा. खरंच वाचायचा — सबस्टेशनवर, डबा खाताना, हाताला ग्रीस असेल तर पानाखाली रद्दी धरून. राहिलं तर आल्या आल्या सांगायचा, दाजी, साठ पानं राह्यली, आणि पुडा मधे ठेवायचा. बोलायचा कमी. कळलं नाही ते विचारायचा, आणि त्याच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला यायचं नाही. ते झोंबायचं का? झोंबायचं. माझीच गच्ची, माझीच यादी — आणि प्रश्न याचे.

मग आली ती जाड रशियन कादंबरी. त्या रविवारी दत्ता भजी न आणता आला. पुस्तक संपलं होतं. चेहराच सांगत होता. सुरुवात नेहमीप्रमाणे मी केली — मुलगा कित्येक वर्षांनी घरी येतो, म्हातारा बाप दार उघडून त्याला जवळ घेतो, क्षमेची थोर कथा, वगैरे. दत्ता हळूच म्हणाला,

“पर दाजी, म्हातारा त्याला घरात घेत न्हाई की शेवटाला. दारातूनच लावून देतो.”

आता, शेवटची दहा पानं तर मी वाचली होती! माझं सगळं भांडवलच ते. मी म्हणालो, “दत्ता, पुस्तक वाचलंस का खांबावर झोपला होतास?”

सर हसले. मेडिकलवाले हसले. मी तिथं तरी थांबावं? नाही. म्हणालो, तू आपला भजीच आणत जा. बायको चहा घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. दत्तानं मांडीवरची पिशवी जरा जवळ ओढली. म्हणाला, “आसंल दाजी. माझंच चुकलं आसंल.”

शनिवारी पुस्तक परत करायला गेलो, तर बाई म्हणाल्या, दुसरा भाग कालच परत आलाय, देऊ का? दुसरा — ? प्रस्तावनेच्या आधीचं पान मी कधी उघडतच नसे. तिथं उभ्या उभ्या उघडलं. छापलं होतं : भाग पहिला. मग दुसऱ्या भागाची शेवटची दहा पानं वाचली, तीही उभ्यानंच. म्हातारा त्याला दारातूनच लावून देतो.

फोन करायला किती वेळ लागतो? मी केला नाही. दुसऱ्या दिवशी दत्ता आला नाही. सरांनी विचारलं, तेव्हा मी — इथंच यायचं होतं मला, इतका वेळ गोल गोल फिरून — मी सगळं माहीत असताना म्हणालो, “त्याला झेपत नव्हतं.” सरांनी मान हलवली. विषय संपला.

यादी पुढं दीड वर्ष चालली. दत्ता काही परत गच्चीवर आला नाही. भाऊबीजेला येतो, ओवाळून घेतो, मला वाकून नमस्कार करतो आणि पुस्तकांच्या कपाटाकडं पाठ करून बसतो. अलीकडं काय वाचतोस, हे मी विचारलेलं नाही.

हे लिहून झाल्यावर कागद बायकोकडं दिले. तिनं सगळे वाचले, मधलेसुद्धा. घडी घालून परत दिले आणि म्हणाली,

“दुसरा भाग त्या दिवशी त्याच्या पिशवीतच होता. खाली उतरल्यावर मी म्हणलं, काढून दाखवायचा न्हाईस का? तर म्हणला, आक्का, तुझ्या घरात दाजीला खोटं पाडू व्हय?”