लोकर आणि नाळ

विणणाऱ्या बाईबद्दल लोकांना सगळं आधीच ठाऊक असतं. ती रिकामटेकडी असते, तिला घरात काम नसतं आणि बहुधा तिला दिवस गेलेले असतात. धुळ्याच्या उन्हात लोकर घेऊन बसलेली बाई दिसली की आणखी एक शंका येते, हिचं डोकं ठिकाणावर आहे ना. इथे डिसेंबरात पहाटे दात वाजतात, पण ते मे महिन्यात कोणाला आठवत नाही. डिसेंबरात स्वेटर घालायचा तर घरचं सगळं आवरून मे महिन्यातच सुरू करावा लागतो, हे सांगून सांगून मी थकले.

लग्न होऊन धुळ्यात आले आणि इथल्या शाळेत शिकवू लागले. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की सुया काढायचे. शिक्षकांच्या खोलीत कोणी ना कोणी विचारायचंच, "काय बाई, गोड बातमी का?" मी सासऱ्यांसाठी विणत असलेली कानटोपी त्यांच्या नाकासमोर धरायचे. तरी पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न. वर्षं गेली तसं विचारणं थांबलं आणि नुसतं बघणं सुरू झालं. ते जास्त लागायचं.

मग एकदा बातमी खरी झाली. मी पिवळ्या लोकरीचं झबलं सुरू केलं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना, ते पटलं नाही. आपल्याकडे जन्माआधी बाळासाठी नवं काही करत नाहीत. पहिल्यांदा अंगावर घालायचं ते कोणाचं तरी जुनं, धुऊन मऊ झालेलं. तेवढं मलाही माहीत होतं. पण अक्कांची भीती वेगळीच होती. मी लडी गुडघ्यांत अडकवून लोकरीचा गुंडा करायला बसले की त्या म्हणायच्या, "नको गुंडायू वं माय, पोटमा पोर शे." मी हसून पुढे गुंडाळत राहायचे.

आठव्या महिन्यात बाळ पोटात हलेनासं झालं. मुलगी होती. गळ्याभोवती नाळ होती. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरून सांगितलं, गळ्यात नाळ पुष्कळ बाळांच्या असते, बहुतेकांना काही होत नाही, एखाद्या वेळी असं होतं, आणि विणण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. विणण्याचं त्यांना मीच विचारलं होतं.

घरी आल्यावर अक्का रडल्या. त्यांनी मला जवळ घेतलं आणि केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू अठे लोकर गुंडाये, तठे पोरना गयामा नाळ गुंडायनी." रागाने म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. त्या मायेने म्हणाल्या. नंतर त्यांनी ते अर्धवट झबलं न्हाणीतल्या बंबात टाकलं. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो म्हणतात. आमच्याकडे मिळते ती कसली लोकर, सगळा प्लास्टिकचा धागा. तो वितळला आणि घरभर बादली जळाल्यासारखा वास भरून राहिला. आमच्या ह्यांनी खिडक्या उघडल्या. त्याहून जास्त ते काही करू शकले नाहीत, किंवा त्यांनी केलं नाही.

त्यानंतर मला दिवस राहिले नाहीत. विणकाम मी सोडलं नाही, पण घरात सुया काढणं बंद केलं. हल्ली फोनवर सारखं येतं, विणल्याने मन शांत होतं, रक्तदाब उतरतो, झोप लागते. पाठवणाऱ्यांचं भलं होवो. माझं मन काही शांत झालं नाही. एवढंच होतं की टाके मोजत असताना माझी मुलगी आज केवढी असती हा हिशेब डोक्यात चालत नाही. उलट, सुलट, उलट, सुलट, तेवढा वेळ सुटका. बघणाऱ्याला वाटतं, बाई किती समाधानाने विणतेय.

यंदा नणंदेच्या मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती जळगावला आईकडे आली. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला मी गेले. ओटी भरायला मला कोणी हाक मारली नाही आणि मीही पुढे झाले नाही. पण चार दिवस राहिले, भाचीचे पाय चेपले, तिला हवं ते करून घातलं. पोर गुणाची आहे.

परवा नणंदेचा फोन आला. मुलगा झाला, ठणठणीत आहे, रडून दवाखाना डोक्यावर घेतलाय. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते, डॉक्टरांनी ते जन्मतानाच सोडवले.

फोन ठेवला आणि मला हसूच फुटलं. या मुलीने आयुष्यात सुई हातात धरलेली नाही. बटण तुटलं तर ती शर्ट टाकून देते. मग तिच्या बाळाच्या गळ्यात नाळ कोणी गुंडाळली? डॉक्टरीणबाईंचं म्हणणं इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला खरं वाटलं. नुसतं कळलं नाही, पटलं. मी आनंदाने, हो, आनंदानेच, अक्कांच्या खोलीत गेले. त्या आता खाटेवरून उठत नाहीत. त्यांना सगळं सांगितलं आणि वर विचारलं, "सांगा अक्का, तिनं कुठे लोकर गुंडाळली होती?"

पणतू झाल्याचं ऐकून अक्कांनी आधी देवाला हात जोडले. मग माझ्याकडे बघून अगदी सहज विचारलं, "तू गयी व्हती ना तठे, सातवा महिनामा? तठे बशीसन विनी ऱ्हायनी व्हती का?"

मला संताप यायला हवा होता. आला नाही. मी त्यांच्या खाटेच्या कडेवर बसले आणि आठवू लागले, भाचीच्या शेजारी बसून मी एखादी लडी गुंडाळली होती का.