विमानानं गेले

परवा आमच्या लोणावळ्याच्या घरी जे झालं, त्यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला अजून कळत नाहीये... सुरुवात अर्थात आमच्या ह्यांच्यापासून.

ह्यांचा शाळेतला दोस्त भोपाळकडे जंगलाची कंत्राटं घेतो. त्यानं शिकारीला बोलावलं आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. मोटारीनं जायचं की विमानानं...

सकाळी मोटार. छत्तीस साली घेतलेली आमची गाडी, तिचं बॉनेट उघडून हे तासभर आत डोकं घालून बसायचे. दुपारी धाकटे भाऊजी येऊन विमानाचं खूळ भरवून जायचे, की हल्ली मुंबईहून भोपाळला विमान जातं, सकाळी बसलं की दुपारी जंगलात. रात्री जेवताना परत मोटार, कारण विमानात काडतुसं घेऊन बसू देतात की नाही, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

ऐकून ऐकून माझे कान किटले. नकाशावर आमटीचे डाग पडले, पण निर्णय काही होईना...

मला काय, हे घोड्यावरून गेले असते तरी चाललं असतं. पण पौर्णिमेला टाकव्याला, माझ्या सासरगावी, माझ्या नणंदेची, शेवंताची, सुपारी फुटायची होती. नवलाख उंबरे गावचं स्थळ, मोठ्या मिनतवारीनं जमलेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, पौर्णिमा टळली तर दुसरी मुलगी बघितलेली आहे. आणि आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, एकच हेका... बैठकीत थोरला भाऊ पाहिजेच.

मोटारीनं गेले असते तर पौर्णिमेला परत येणं शक्यच नव्हतं. वाटेत नद्या, कुठं पूल आहे, कुठं नुसती होडी. शेवंता बिचारी निरोपावर निरोप धाडत होती, वैनी, दादाला थांबवा. थांबवून थांबणारा माणूस असता तर आणखी काय हवं होतं.

शेवटी मीच वैतागून म्हटलं, विमानानं जा नाहीतर गाढवावर बसून जा, पण एकदाचे जा आणि पौर्णिमेच्या आत या. गेले. काडतुसांची ती जड पेटी उराशी धरून, संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा टाकव्याचा गडी, धोंडिबा, तांदूळ घेऊन आला. मालक कुठं म्हणून विचारायला लागला. माझं डोकं आधीच उठलेलं... मी म्हटलं, ते विमानानं गेले, आबांना सांग.

धोंडिबानं पोतं खाली ठेवलं, माझ्याकडे बघत राहिला, आणि पाणीसुद्धा न पिता गाडी जुंपून निघून गेला. मला वाटलं, ह्यालाही विमानाचं कौतुक.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दोन बैलगाड्या उभ्या. आबा उतरले ते मुंडासं काढूनच. मागून चुलत सासूबाई, तोंडाला पदर लावलेला, आणि शेवंताचे डोळे सुजलेले. आबा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "माजं पोर गेलं."

विमान पडलं... दुसरं काही सुचलंच नाही.

चुलत सासूबाईंनी मला जवळ घेतलं, माझे दोन्ही हात धरले आणि बांगड्यांवरून हळूच बोटं फिरवली. कशासाठी, ते मला कळलं. मी हात ओढून पाठीमागे लपवले.

तार कुठं आली, एवढंच कसंबसं विचारलं. आबा म्हणाले, "तार कसली? तूच सांगावा धाडलास न्हवं." मागे धोंडिबा डोळे पुसत होता. "तुमीच म्हनलाव वैनी, मालक इमानानं गेलं..."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देहू इथून जवळ. आमच्या मावळात विमान येतं ते वैकुंठाहून, आणि त्यात बसून गेलेला माणूस माघारी येत नाही. जुहूच्या विमानतळावरचं विमान टाकव्याला कुठून माहीत असणार...

मी घसा फोडून सांगितलं, की खरं विमान, पंख्याचं, तिकीट काढून बसायचं. आबांना काही पटेना. त्यात सुतक म्हणून उंबऱ्याला रातोरात निरोपही गेला होता, सुपारी होणार नाही असा. मी शेवंताकडे बघितलं. ती म्हणाली, "दादा जिता असंल तर माजं काय बी होऊ द्या, वैनी."

पण जिता आहे कशावरून? ते मलाही दाखवता येईना.

दुपारी फाटक वाजलं... हे. कोट चुरगळलेला, खांद्यावर पेटी, कपाळावर आठ्या. विमानात बसवायच्या आधी म्हणे माणसाचंही वजन करतात. पेटी ठेवा नाहीतर तुम्ही राहा, असं सांगितल्यावर हे दिवसभर हुज्जत घालत बसले, आणि पेटीसकट परत आले.

"एवढी माणसं कशाला जमलीत? चहा आहे का?" हे पहिलं वाक्य. आबांनी उठून ह्यांना डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि एक सणसणीत शिवी हासडली. ती ऐकून मला इतकं बरं वाटलं ना...

मग आबा म्हणाले, "मोटार काड. उंबऱ्याला चल. तुला बघितल्याबिगर त्यास्नी पटायचं न्हाई." म्हणजे एवढे नकाशे, एवढे वाद, आणि मोटार गेली कुठं, तर नवलाख उंबऱ्याला. तिथल्या म्हाताऱ्यानं म्हणे ह्यांना चिमटा काढून बघितला. सुपारी आता पौर्णिमेलाच फुटणार आहे.

मोटार निघून गेल्यावर मी मोरीत कपबशा विसळायला बसले. हातातल्या बांगड्या वाजल्या... आणि सकाळपासून न आलेलं रडू मला तेव्हा आलं.