रूथबाईंनी मागायला लावलेली माफी

पेशंटशी बोलायला बसण्याआधी रूथबाई छातीवर अडकवलेलं घड्याळ काढून खिशात टाकत. नर्सच्या गणवेशावर ते उलटं लटकतं, फक्त तिलाच वाचता यावं म्हणून. "माझ्या छातीवर टिकटिक चालली असताना कोण मोकळेपणी बोलेल रे?" असं त्यांचं म्हणणं. आणि उभ्याने त्या कधी बोलत नसत. वॉर्ड कितीही भरलेला असो, खुर्ची ओढायच्या, बसायच्या आणि आम्हा डॉक्टरांना अजब वाटणारा एक प्रश्न विचारायच्या. "आमच्याकडून काय होऊ नये असं तुम्हाला वाटतं?" कोणी सांगे, माझ्या चहात दूध घालू नका. कोणी सांगे, माझ्या मुलीसमोर कॅन्सर हा शब्द काढू नका. मिळेल ते उत्तर त्या पेशंटच्या फाइलवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहीत.

नागपूरहून ब्रिस्टलला येऊन मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. सर्जरीच्या वॉर्डमध्ये एका आजोबांची शीर काही केल्या सापडत नव्हती. "आता काय डोंबल करू," मी स्वतःशीच पुटपुटलो. मागून आवाज आला, "डोंबल नको करूस, दुसरा हात बघ." वळून पाहिलं तर गडद निळ्या गणवेशातली, ठेंगणी, साठीकडे झुकलेली वॉर्ड सिस्टर. मी इतका गडबडलो की दुसऱ्या हाताची शीरसुद्धा चुकवली.

रूथबाई भायखळ्याच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. अठराव्या वर्षी नर्सिंग शिकायला लंडनला आल्या, एका ब्रिस्टलकराशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. मराठी मात्र त्यांनी निघताना होतं तसंच जपलं होतं. मुलांना मराठी येत नव्हतं, नवऱ्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे चाळीस वर्षांचं साचलेलं सगळं मराठी माझ्या वाट्याला आलं. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी मेणबत्त्या लावायच्या असत, तेवढा एक दिवस त्या वेळेवर घरी जात. एरवी ड्यूटी संपल्याचं त्यांच्या लक्षातच येत नसे.

आता त्या माफीचा दिवस. सकाळी वॉर्डात साठ-बासष्ट वर्षांच्या एक बाई दाखल झाल्या. जांघेतला हर्निया अडकून आतड्याला पीळ बसला होता. संध्याकाळपर्यंत आतडं सडलं असतं आणि मग बाई हाती लागणं कठीण होतं. त्या ह्मोंग होत्या. लाओसच्या डोंगरातली ही माणसं लढाईने देशोधडीला लागली, त्यातली काही फ्रान्सला गेली. त्यांचा मुलगा लेंग तिथे इंजिनिअर झाला आणि विमानाच्या कारखान्यात नोकरीसाठी ब्रिस्टलला आला होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला ह्मोंग हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. मला दिसले ते फक्त त्यांच्या दोन्ही मनगटांवरचे मळकट पांढरे दोरे.

रूथबाई त्या वेळी कुठल्या वॉर्डात किती खाटा रिकाम्या ते ठरवायच्या मीटिंगला गेल्या होत्या. ऑपरेशनला नेण्याआधी अंगावरचं सगळं उतरवायचं हा नियम. आणि दोऱ्यांचं मला कोण काय सांगणार! नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलात मी गंडे, ताईत, करदोटे असे शेकड्याने कापले होते. तिथे कोणी हूं की चूं करत नसे. माझ्या जागी एखादा गोरा डॉक्टर असता तर त्याने नक्की विचारलं असतं, हे काय आहे? मी विचारलं नाही. लेंग फॉर्म भरायला बाहेर गेला होता. मी कात्री घेतली, बाईंकडे बघून हसलो, आणि कचाकच दोरे कापून जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी उघडं मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरलं आणि डोळे मिटले. लेंग परत आला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ते दोरे आत्म्याला शरीराशी बांधून ठेवतात, एका मोठ्या आजारातून उठल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांनी ते बांधले होते. आता आई ऑपरेशनला जाणार नाही, असं त्याने सांगितलं. आत्मा मोकळा सोडून ती गुंगी घेणार नव्हती, कारण मग तो परत आलाच नसता.

आमचे सर्जन आले आणि बाईंच्या उशाशी उभं राहून म्हणाले, "ऑपरेशन केलं नाही तर ती मरेल." लेंगने मान खाली घातली. तेवढ्यात रूथबाई मीटिंगमधून परतल्या. त्यांनी सर्जनना दंडाला धरून बाहेर काढलं. जाता जाता मला मराठीत म्हणाल्या, "शुभ बोल रे नाऱ्या, हे ह्या गोऱ्याला कसं समजवू? पेशंटसमोर मरण उच्चारतात का कोणी?" मग आत आल्या, घड्याळ खिशात टाकलं, खुर्ची ओढली आणि लेंगकडून सगळं ऐकून घेतलं.

ऐकून झाल्यावर माझ्याकडे वळल्या. "पहिलं काम. त्यांची माफी माग."

"सिस्टर, आधी काहीतरी करायला हवं ना? वेळ जातोय."

"आधी माफी."

"बरं, मी समजावून सांगतो त्यांना. इन्फेक्शनचा धोका असतो म्हणून..."

"कारण सांगू नकोस. कारण जोडलं की ती माफी राहत नाही, खुलासा होतो."

मी बाईंसमोर उभा राहिलो. "तुम्हाला न विचारता दोरे कापले. माझं चुकलं, माफ करा," एवढंच म्हणालो. लेंगने माझे शब्द त्यांच्या भाषेत सांगितले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त किंचित मान हलवली. माझे कान गरम झाले होते. पाच वर्षं डॉक्टरकी करून मी कोणाचीही माफी मागितली नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

तोवर रूथबाईंनी हातमोजे चढवले होते. वॉर्डची मुख्य सिस्टर जमिनीवर बसून पिवळ्या पिशवीत हात घालून शोधत होती, आणि शिकाऊ नर्सेस तोंडात बोटं घालून बघत होत्या. दोऱ्यांचे सगळे तुकडे सापडले. ते त्यांनी स्वच्छ टॉवेलवर ठेवले आणि दोन्ही हातांनी लेंगपुढे धरले. तुटलेले दोरे परत बांधता येत नाहीत, पण ते जाळायला गेले नाहीत हे ऐकून आईला बरं वाटेल, असं तो म्हणाला.

"आता ठरवणार कोण?" रूथबाईंनी विचारलं.

"फ्रान्समधले माझे मोठे काका. मी मुलगा असलो तरी लहान आहे."

काकांचा फोन लागायला तास गेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आधी दारातून आत्म्याला हाक मारायची, मग नवे दोरे, मग खुशाल ऑपरेशन. लेंगची बायको घरून वाटीत तांदूळ, एक अंडं, सासूचा सदरा, पांढरा दोरा आणि उदबत्ती घेऊन आली. उदबत्तीला रूथबाईंनी हात जोडून नकार दिला. "वॉर्डात ऑक्सिजन आहे, ठिणगी चालणार नाही. काकांना विचार, न पेटवता ठेवली तर?" काका हो म्हणाले. सर्जन घड्याळाकडे बघत होते. "सिस्टर, हा वॉर्ड आहे, देऊळ नाही." रूथबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच म्हणते, मला वीस मिनिटं द्या. नाही दिलीत तर तुम्हाला पेशंटच मिळणार नाही."

पुढचं दृश्य मी जन्मात विसरणार नाही. वॉर्डच्या दारावर 'मोबाइल बंद ठेवा' अशी पाटी होती आणि तो नियम रूथबाईच सगळ्यांकडून दरडावून पाळून घेत. त्याच पाटीखाली त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, हात लांब करून लेंगचा मोबाइल बाहेरच्या कॉरिडॉरकडे धरून. तांदळाची वाटी आणि अंडं माझ्या हातात. फोनमधून एक म्हातारा, खरखरीत आवाज येऊ लागला. शेकडो मैलांवरून तो एका आत्म्याला घरी ये म्हणून बोलावत होता, कधी दटावून, कधी लाडीगोडीने. चहाची गाडी ढकलणारी बाई थांबली. सर्जन थांबले. मला एक शब्द कळत नव्हता, तरी अंगावर सरसरून काटा आला. रूथबाईंनी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला, पण फोन धरलेला हात खाली घेतला नाही.

लेंगने नवे दोरे बांधले. भूलतज्ज्ञांनी एक हात सलाइनसाठी मागितला, दुसऱ्यावरचे दोरे रूथबाईंनी निर्जंतुक पट्टीखाली झाकले. पोट उघडलं तेव्हा आतडं जांभळं काळं होतं. आम्ही ते कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यांत गुंडाळलं आणि वाट पाहिली. दहा मिनिटांनी ते हळूहळू गुलाबी झालं. कापावं लागलं नाही. बाहेर येऊन मी सांगितलं तेव्हा रूथबाई नुसत्या "चांगलं झालं" म्हणाल्या. मग वॉर्डात झालेल्या चुकीची नोंद करायचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला, आणि मी लिहून झाल्यावर खाली स्वतःचंही नाव लिहिलं. "सकाळी मी बाईंशी बोलायला हवं होतं. मीटिंगला गेले. परकं दिसलं की माणूस विचारतो, डॉक्टर. ओळखीचं वाटलं की सरळ हात घालतो. तिथेच फसतो."

दीड वर्षाने मला ग्लासगोला नोकरी मिळाली. निरोप घ्यायला रूथबाईंच्या घरी गेलो. त्या आजारपणामुळे निवृत्त झाल्या होत्या, अर्ध्या झाल्या होत्या. त्याच हिवाळ्यात त्या गेल्या, ती आमची शेवटची भेट. चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुला फार ताणलं का रे?"

मी म्हटलं, "एकच कळलं नाही. इतकी घाई असताना आधी माफी कशाला?"

त्यांनी किटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "लंडनला मी वीस वर्षांची होते. एक म्हातारे सरदारजी होते, गळ्याचं ऑपरेशन. सिस्टर म्हणाल्या, दाढी उतरव. दुसऱ्या पोरींना काही ठाऊक नव्हतं. मी मुंबईची, मला ठाऊक होतं रे दाढी म्हणजे त्यांना काय ते. तरी वस्तरा चालवला. त्यांनी चादर तोंडावर ओढली ती ओढलीच. मी रोज ठरवायची, आज सॉरी म्हणू. रोज वाटायचं, सिस्टर काय म्हणतील. चौथ्या दिवशी ते वारले."

कपाला कान नव्हता म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला होता.

"ऑपरेशनला गेलेलं माणूस परत येईलच असं नसतं, डॉक्टर. तुझी बाई तेव्हा ऐकत होती. म्हणून तुला आधी तिच्यासमोर उभं केलं."