ही कोणाची लेक?

मला फोनची भीती वाटते. हसायचं तर हसा. तळोद्यात ऊसतोड मजुरांच्या संघटनेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी चालवते, दिवसभर फोन माझ्या हातात असतो, आणि तरी तो वाजला की उचलण्याआधी मी दोनदा नंबर बघते. नवरा म्हणतो, "इतलं भ्याव वाटस, त कसाले करस?" त्याचं शिलाईचं दुकान आहे. कापड बेतताना त्याला कुणी धमकी देत नाही, त्याला काय कळणार!

ग्रुपाचा एक नियम होता आणि तो माझाच होता. चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, गाव सांगायचं नाही. मागच्या हंगामात एका मजुराने गुजरातेतल्या पडावावरून, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या पालांवरून, व्हिडिओ पाठवला होता. प्यायला पाणी कसलं मिळतं ते त्याने दाखवलं आणि शेवटी स्वतःचा चेहराही दाखवला. व्हिडिओ सगळीकडे फिरला, मुकादमापर्यंतही गेला. त्या माणसाचा हात अजून सरळ होत नाही. तेव्हापासून येणारा प्रत्येक आवाज मी आधी कापायची आणि मगच पुढे पाठवायची.

कापावं लागायचंच. सातपुड्यातला माणूस मुद्द्यावर येण्याआधी आपण कोणाचे ते सांगतो. बापाचं नाव, सासऱ्याचं नाव, पाडा, पाड्यातली नाल्याच्या अलीकडची घरं की पलीकडची, हे सगळं झालं की मग काम. फोनवरही तेच. घर जळत असलं तरी आधी ओळख देतील, अशी मी त्यांची थट्टा करायची. आम्ही शहाद्याकडची सपाटीवरची माणसं. "कोण?" विचारलं की "मी बोलतेय" म्हणतो आणि मोकळे होतो.

त्या दिवशी तळोद्याचा बाजार होता. कार्यालयाबाहेर पहाडात जाणाऱ्या जीपा भरत होत्या. आत मी आणि आमचे दादा, दोघंच. दादा पहाडातले, तरुणपणी ऊस तोडलेले, संघटना त्यांनीच उभी केलेली. ग्रुपवर नाही, माझ्या नंबरावर एक आवाज आला. बाईचा, पहाडातल्या पावरी बोलीत.

बाप, सासरा, पाडा, सगळं तिने नीट सांगितलं. मग म्हणाली, दिवस भरत आलेत, सकाळपासून रक्त जातंय. नवऱ्याला दुसऱ्या फडावर नेलंय. मुकादम म्हणतो, ऊस भरून होईपर्यंत गाडी मिळणार नाही. फोन शेजारणीचा आहे, उलटा लावू नको, मुकादमाला कळेल. कालवा आहे, पूल आहे, केळीची बाग आहे. एवढं बोलून आवाज तुटला.

व माय! पहाडातली माणसं तोडीला गुजरातेतच जातात. मी तिकडच्या रुग्णवाहिकेला फोन लावला, तर पलीकडचा माणूस विचारतो, गाव कुठलं? गाव मला कुठे माहीत! त्या मुलीलाही माहीत नव्हतं. रात्रीच्या ट्रकमधून आणून टाकलेल्या माणसाला शेताचं गाव कोण सांगतो? कालवे तर तिकडे जिकडेतिकडे. दादांनी तिच्या पाड्याकडे निघालेल्या जीपवाल्याजवळ निरोप दिला, पण पाड्यात रेंज नाही. उत्तर यायला संध्याकाळ होणार होती.

मी आवाज घेतला, सुरुवातीची ओळख कापली आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या एका बहिणीला मदत हवी." निळ्या खुणा होत गेल्या. हात जोडलेली चित्रं आली, रडणारे चेहरे आले. एकाने विचारलं, जुना आहे का? एक म्हणाला, खोटा वाटतो. एका पत्रकाराने बाईचा व्हिडिओ मागितला, चेहरा दिसेल असा. मला त्याचं तोंड रंगवावंसं वाटलं. आणि पडावांवरून, पहाडातून, एकामागून एक तेच येत राहिलं. ही कोणाची लेक? कोणाची आहे ही? सांगत का नाही कोणाची?

मी दादांना म्हटलं, "पूर्ण आवाज टाकू या. नाव कळलं तर ती कुठल्या टोळीत गेली ते तिच्या माणसांना कळेल. टोळी कुठे उतरली ते तेच सांगू शकतील."

"नको," दादा म्हणाले. "त्या ग्रुपात मुकादमही शिरलेत. तिच्या मुकादमानेही ओळख ऐकली तर?"

"नाही टाकला तर ती तिथेच मरेल."

"आणि टाकला आणि त्याने तिला उचलून दुसरीकडे टाकलं, तर कोण शोधणार?"

"मग तुम्हीच सांगा ना काय करू! नुसतं नको नको काय लावलंय?" मी ओरडले. दादांवर मी कधी ओरडत नाही. ते उठून दार लोटून आले. त्यांनाही माझ्याइतकीच भीती वाटत होती, हे बघून तर मी आणखीच घाबरले.

मी पूर्ण आवाज टाकला. टाकल्यावर लगेच वाटलं, पुसून टाकावा. बोट तिथे नेलंही. तेवढ्यात एका पुरुषाचा आवाज आला. त्याने आधी आपला बाप सांगितला, पाडा सांगितला, आणि मग म्हणाला, "ती माझ्या काकाची लेक. तिची टोळी कुठे आहे मला माहीत आहे. आम्ही निघालो." पाठोपाठ दुसरा आवाज, मग तिसरा. कोणी मामा, कोणी सासरकडचे. कोयते खाली टाकून निघालेली माणसं.

आणि मग माझा फोन वाजला. मुकादम. तिचाच. आवाज अगदी गोड. "ताई, तुमच्या ग्रुपात आमची बदनामी चाललीय." मग त्याच गोडीत, "तुमची मुलगी नंदुरबारला वसतिगृहात असते ना? बरी आहे ना?" त्याने फोन ठेवला. मी मुलीला फोन लावला. तीनदा वाजून गेला, तिने उचलला नाही. चौथ्यांदा उचलला आणि म्हणाली, "आई, तास चालू होता!" मी तिच्यावरच खेकसले आणि रडायला लागले.

दुपार कशी गेली ते मला विचारू नका. उन्हं उतरल्यावर तिच्या त्या चुलतभावाचा आवाज आला. मुकादमाने पालाबाहेर माणसं बसवली होती, पण हे आले पन्नाससाठ. बाजेसकट तिला उचललं आणि रस्त्यावर आणलं. दवाखान्यात आहे. रक्त चढवताहेत. मुलगी झाली, बारीक आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. दादांनी पंच्याने डोळे पुसले.

पण त्या गोड आवाजाने माझं मानगूट सोडलं नव्हतं. घरी नवरा म्हणाला, "पोरले घेई ये आन् माहेरे चालनी जाय." तो शहाणा माणूस आहे, चूक बोलत नव्हता. मी पिशवी भरायला घेतली. मग पिशवी खाली ठेवून फोन हातात घेतला.

इतकी वर्षं त्या ग्रुपात मी बोलत होते, ती "संघटनेची ताई" म्हणून. माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. घर कुठे ते माहीत नव्हतं. ते फक्त मुकादमाने शोधून काढलं होतं.

मी बटण दाबलं. दोनदा मधेच सोडून पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागलं. आधी बापाचं नाव सांगितलं. मग सासऱ्याचं. माहेरचं गाव, तळोद्यातली गल्ली, शिलाईचं दुकान. मग माझ्या मुलीबद्दल कोण काय बोललं ते, त्याच्या नावासकट. पाठवलं आणि दाराला कडी लावून बसले. ऐकलेल्यांच्या यादीत मुकादमाच्या नंबरापुढेही निळी खूण आली.

पहिलं उत्तर दवाखान्यातून आलं. चुलतभावाच्या फोनवरून त्या बाळंतिणीचा आवाज, कसाबसा निघणारा. पहाडात लहानमोठं कुणी कुणाला अहोजाहो करत नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "तू कोणाची ते आज कळलं. संघटनेच्या दादाला सांगितलंय, तो रात्रीच पाड्याकडे निघालाय. आमची माणसं सकाळच्या जीपने तुझ्या दारात येऊन बसतील."

भीती अजून आहे. इथेही मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही, बघा. पण सकाळी कडी काढली तेव्हा ओट्यावर माणसं बसलेली होती, आणि त्यातल्या म्हाताऱ्याने चहा घेण्याआधी मला आपल्या बापाचं नाव सांगितलं.