उसन्या गाडीतले तांदूळ

त्या वर्षी मी देवीशी अबोला धरला होता. जव्हारच्या आमच्या घरात देव्हाऱ्यात जगदंबेचा चांदीचा टाक आहे, सासूबाईंनी दिलेला. सकाळी आंघोळ झाली की त्याच्यापुढे दिवा लावायचा, हा नेम लग्न झाल्यापासून मी कधी मोडला नव्हता. मी शिकवते त्या शाळेला उशीर होत असला तरी नाही, अंगात ताप असला तरी नाही. तो दिवा मी बंद केला. आमचे हे म्हणाले, "अगं, निदान उदबत्ती तरी लाव." मी म्हटलं, "तुम्हाला लावायची तर लावा. मला तिच्याशी बोलायचं नाही." माझ्या पोराला घरच्याच माणसांनी चोर ठरवलं होतं आणि ही बया एवढे हात असून नुसती बघत बसली होती, असं मला वाटत होतं.

पहिल्यापासून सांगते. आमचा मिलिंद हॉटेलचं शिक्षण घ्यायला न्यूझीलंडला गेला होता. त्याच्या पदवीदानाला आम्ही दोघं आणि माझे धाकटे दीर, असे तिघं जण तिकडे गेलो. दिरांना मी भाऊजी म्हणत असले तरी ते खोडाळ्याहून शिकायला आमच्याकडे आले तेव्हा अर्ध्या चड्डीतले होते. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे त्यांची वेणीफणी सोडून बाकी सगळं मीच केलं म्हणा ना! डबा, अभ्यास, ओरडा, सगळं. पुढे ते ठाण्याला चांगल्या नोकरीला लागले आणि आमच्या घराण्यात क्रेडिट कार्ड पहिल्यांदा त्यांच्या खिशात आलं. मिलिंदकडे तिकडचं गाडी चालवायचं लायसन होतं, पण कार्ड नव्हतं. म्हणून चार दिवस फिरायला जी गाडी भाड्याने घेतली ती भाऊजींच्या कार्डावर, त्यांच्या सहीने घेतली आणि मिलिंदने चालवली. फार आनंदाचे दिवस होते ते. तळ्याकाठी बसून आम्ही नागलीच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि हे दोघे भाऊ लहानपणीच्या भांडणांवरून पुन्हा भांडले.

परतीच्या दिवशी सकाळी मिलिंदने हे आणि भाऊजी यांना सामानासकट विमानतळावर सोडलं आणि मी त्याच्याबरोबर गाडी परत करायला गेले. निघताना मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या डब्यातून मूठभर तांदूळ घेतले, गुळाचा एक खडा घेतला आणि कागदाची पुडी बांधली. आमच्याकडे उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीचा टोप असो नाहीतर सूप असो, त्यात चिमूटभर काहीतरी घालूनच द्यायचं. हे माझी थट्टा करत म्हणाले, "गाडी म्हणजे काय शेजारणीचा टोप आहे?" मी म्हटलं, "वापरली ना चार दिवस? मग तीही उसनीच." गाडीवाल्यांच्या वाड्यासारख्या मोठ्या आवारात गाड्यांच्या रांगा होत्या. ऑफिसची खिडकी अजून उघडली नव्हती. एक उंच, काळासावळा म्हातारा रबरी नळीने गाड्या धूत होता. मी चालकाच्या सीटवर पुडी ठेवली आणि गाडीला हात जोडले. म्हातारा नळी बंद करून बघत राहिला. मिलिंद बिचारा लाजेने लाल झाला, पण त्याने मी काय केलं ते इंग्रजीत समजावून सांगितलं. म्हाताऱ्याने टोपी काढली. तो समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरचा होता. म्हणाला, माझी आईही असंच करायची, शेजाऱ्याची टोपली कधी रिकामी पाठवायची नाही. त्याने ती पुडी उचलून शर्टाच्या खिशात ठेवली आणि किल्ली घेतली. पावतीचं मिलिंदने विचारलं, तेव्हा म्हणाला, खिडकीवरचा माणूस आला की तो पाठवेल. विमानाची वेळ होत आली होती. आम्ही निघालो.

घरी परत आल्यावर काही आठवड्यांनी एका रविवारी भाऊजी आणि त्यांची बायको शैला ठाण्याहून जव्हारला आले. कार्डाचं बिल आलं होतं. त्यात लिहिलं होतं की गाडी आम्ही निघाल्यानंतर पुढे कितीतरी दिवसांनी परत आली. त्या दिवसांचं भाडं, पेट्रोल, आणि वर त्याच गावातल्या दुकानांमधली खरेदी, असं सगळं भाऊजींच्या नावावर चढलं होतं. घराच्या पहिल्या हप्त्यासाठी साठवलेलं सगळं त्यात गेलं असतं. भाऊजींनी बँकेला कळवलं होतं. पण बँकेचं म्हणणं, गाडीच्या करारावर सही तुमचीच आहे, आता चौकशी होईल तेव्हा होईल. मी म्हटलं, "अहो भाऊजी, गाडी तर माझ्या डोळ्यांदेखत परत दिली!" ते म्हणाले, "वहिनी, मिलिंदला गरज असेल, तर त्याने मागायचं होतं. मी दिले असते. मी त्याच्यावर रागावलेलो नाही." मी पुन्हा सांगितलं, किल्ली दिली, म्हातारा होता, पुडी ठेवली. तेव्हा खाली मान घालून ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही आई आहात त्याची."

ते भांडायला आले असते तर बरं झालं असतं. मी भांडून मोकळी झाले असते, तोंडाची काही कमी नाही मला. पण ते माफ करायला आले होते, आणि जो गुन्हा माझ्या लेकराने केलाच नव्हता त्याची माफी मी कशी घ्यायची? आणि आई आहात म्हणे! अहो, मग तुमची कोण होते मी? शैलाने चहाचा कप तसाच ठेवला. ते गेल्यावर हे बराच वेळ ओट्यावर बसून राहिले आणि आत येऊन हळूच म्हणाले, "तू नक्की पाहिलंस ना, किल्ली दिलेली?" त्या एका प्रश्नाने माझा जीव जितका दुखावला तितका भाऊजींच्या बोलण्याने नव्हता दुखावला. त्याच दिवशी मी दिवा बंद केला.

तिकडे मिलिंद त्या गाडीवाल्यांच्या ऑफिसात खेपा घालत होता. खिडकीवरचा माणूस दर वेळी गोड बोलायचा आणि म्हणायचा, आमच्याकडे नोंद आहे तेच खरं. गाड्या धुणारा म्हातारा कुठे आहे म्हणून विचारलं, तर तो नोकरी सोडून गेला म्हणे. मिलिंदचा आवाज फोनवर दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. एकदा म्हणाला, "आई, काकांना सांग मी काम करून सगळे पैसे फेडतो, विषय संपव." मी म्हटलं, "खबरदार! न केलेल्या चोरीचे पैसे फेडलेस तर चोरी केल्यासारखीच होईल." फोन ठेवला आणि शाळेत जाऊन मुलांवर उगाच ओरडले.

होळी झाली आणि खोडाळ्याला बोहाड्याची तयारी सुरू झाली. आमच्या मोखाड्याच्या भागात बोहाडा म्हणजे देवीचा उत्सव. देवादिकांचे मुखवटे चढवून एकेक सोंग वाजतगाजत देवळापर्यंत नाचत येतं. कुठलं सोंग कुठल्या घराचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या घराकडे मारुतीचा मुखवटा आहे. लाकडाचा, चांगला जड. थोरल्या भावाने तो चढवायचा आणि धाकट्याने मागून फडक्याची गाठ मारायची, मग सबंध वाटभर त्याच्या पाठीवर हात ठेवून चालायचं, कारण आतल्या माणसाला धड दिसत नाही. ती गाठ बाहेरच्या माणसाने मारायची नाही अशी रीत आहे. भाऊजींनी निरोप पाठवला की या वर्षी येणं जमणार नाही. यांनी तो निरोप दोनदा ऐकला आणि एवढंच म्हणाले, "मग मुखवटा देवीला परत देऊन टाकू. पाठीवर हातच नाही, तर नाचायचं कशाच्या भरवशावर?" माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासून घरात असलेली वस्तू ती.

खोडाळ्याच्या घरी माळ्यावरून मुखवटा खाली काढला, पुसला, स्वच्छ फडक्यावर पोकळी वर करून ठेवला. हे बाहेर गेले होते. मी फडक्याची टोकं उचलली आणि माझा हात आपोआप तांदळाच्या डब्याकडे गेला. खरं सांगते, मनात भक्तीबिक्ती काही नव्हती. नुसती सवय. परत द्यायची वस्तू, रिकामी कशी द्यायची? मूठभर तांदूळ त्या मुखवट्याच्या पोकळीत टाकले, आणि टाकल्याबरोबर मला ते आवार आठवलं, ती ओली गाडी, ती पुडी, टोपी काढून उभा राहिलेला म्हातारा. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं.

तसंच डोळे पुसत गाठोडं घेऊन देवळात गेले. काळूबाबा म्हणून एक वृद्ध तिथली झाडलोट, पूजा बघायचे. त्यांनी गाठोडं देवीच्या पायाशी ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कशाला रडतेस गं बाय? मुखवटा आईचाच व्हता. तुमी नुसता डोक्यावर घेत व्हतात." साधं बोलणं ते. पण मला जे महिनोन्‌महिने कळत नव्हतं ते त्यात होतं. मी देवीसमोर बसले आणि अबोला सोडला. म्हटलं, "आई, मी सांगून सांगून थकले. कुणाला पटलं नाही. हा मुलगा तूच दिलास, हा दीर तूच माझ्या पदरात टाकलास. दोघांचं नाव राखायला मी पुरी पडत नाही. तुझं तू बघ. मी आता भांडणार नाही." काही मागितलं नाही. मागायचं त्राणच नव्हतं. बाहेर आले तेव्हा काही बदललेलं नव्हतं, फक्त छातीवरचा दगड कुणीतरी धरल्यासारखा हलका वाटत होता. आम्ही एसटीने जव्हारला परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले तर फोन वाजत होता. मिलिंद रडत होता की हसत होता, मला कळेना. तो शेवटचं म्हणून त्या ऑफिसात गेला होता. खिडकीशी उभा होता, तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्याने हाक मारली, "अरे, तू तांदळाच्या आईचा मुलगा ना?" तो गाड्या धुणारा म्हातारा! नोकरी सोडून वगैरे गेलाच नव्हता. त्याची बहीण आजारी होती म्हणून आपल्या बेटावर गेला होता आणि त्याच दिवशी कामावर परत आला होता. मिलिंदने सगळी हकीकत सांगितली. म्हातारा त्याचा हात धरून थेट वरच्या साहेबाकडे घेऊन गेला आणि म्हणाला, गाडी यांनी मला त्याच सकाळी दिली, याच्या आईने सीटवर तांदूळ ठेवले होते, असं आयुष्यात एकदाच घडलं, ते मी विसरेन कसा? आणि त्याच संध्याकाळी खिडकीवरचा माणूस ती गाडी स्वतः घेऊन बाहेर पडला, तेही मी बघितलं. साहेबाने त्या माणसाला बोलावलं तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं. भाऊजींच्या कार्डाचा नंबर त्यानेच वापरला होता. पुढे बँकेने सगळी रक्कम रद्द केली, पण ती नंतरची गोष्ट. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "काकांना कसं सांगायचं रे?" मिलिंद म्हणाला, "आई, त्यांना मी आधी फोन केला. ते निघालेसुद्धा."

मारुतीचं सोंग उजाडताना निघतं. आम्ही त्याच रात्री निघून पहाटे खोडाळ्याला पोचलो तेव्हा भाऊजी देवळाच्या पायरीवर बसलेले होते, शैला शेजारी. मला बघून ते उठले आणि सगळ्या गावासमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी म्हटलं, "उठा, ताशा वाजायला लागला. आधी काम." हे देवीपुढे गुडघ्यावर बसले. काळूबाबांनी गाठोडं भाऊजींच्या हातात दिलं. त्यांनी फडकं सोडलं, मुखवटा दोन्ही हातांनी उचलून भावाच्या डोक्यावर पालथा धरला, आणि मी ठेवलेले तांदूळ यांच्या डोक्यावर, खांद्यांवर, भाऊजींच्या हातांवर सांडले. लग्नातल्या अक्षतांसारखे. भाऊजी घाबरून थांबले. काळूबाबा म्हणाले, "थांबू नको. आईनं दिलंय ते. बांध गाठ." त्यांनी गाठ मारली आणि यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या जड मुखवट्याच्या आत हे रडत होते, हे मला यांच्या खांद्यांवरून कळलं.

हा चमत्कार का, असं मला पुष्कळांनी विचारलं. मला माहीत नाही. म्हातारा त्याच दिवशी कामावर यायचा होता, आला. पण मी जेव्हा मुठी आवळून बसले होते तेव्हा माझ्या हातात काही ठेवायला जागा नव्हती, आणि मूठ उघडली तशी तिने ती भरली, एवढं मी अनुभवलं आहे. आता दिवा रोज लावते. हा देह, ही माणसं, त्यांनी दिलेली माया, सगळं तिच्याच घरून उसनं आणलेलं आहे. परत द्यायची वेळ येईल तेव्हा तळाशी मूठभर काहीतरी असावं, एवढंच हात जोडून सांगते आणि मग चहा ठेवायला उठते.