तिसऱ्या मजल्यावरची झोप

पत्रकाराकडे लोक तक्रारी घेऊन येतात. सातपूरच्या एका बड्या फायनान्स कंपनीतली मंडळी मात्र माझ्याकडे झोपेच्या गोष्टी घेऊन येतात. त्यांच्या इमारतीखालच्या टपरीवर मी रोज सकाळी चहाला असतो. आज एक गोष्ट कळते, उद्या दुसरी. छापतो म्हटलं की सगळे हात जोडतात, "दादा, नाव नका टाकू हं!" मग साठणार नाहीत तर काय!

त्यातली वैशाली (नावं सगळी बदललीत हं) तिथे नऊ वर्षं आहे. नव्या पोरांना काम शिकवायचं तिनं, आणि दीड-दोन वर्षांत त्यातलाच एखादा तिचा साहेब! मॅनेजरच्या जागेसाठी तिनं दोनदा मुलाखत दिली. दोन्ही वेळा आपलं काम अर्धा अर्धा तास मुद्देसूद मांडलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "नेक्स्ट इयर बघू." यंदा नाही झालं तर राजीनामा, असं तिनं घरी सांगून टाकलं होतं.

*

तिथे प्रत्येकाच्या नावापुढे स्क्रीनवर हिरवा ठिपका असतो. पाच मिनिटं माउस हलला नाही की ठिपका पिवळा होतो, आणि तो साहेबांना दिसतो.

एका दुपारी ओझरहून विमान उडालं. वैशाली खिडकीतून बघत राहिली. ते ढगात शिरलं, दिसेनासं झालं, तरी बघत राहिली. लगेच साहेबांचा फोन.

"मॅडम, यलो झालात! आहात कुठे?"

"विमानात, सर."

*

आहेर हा कंपनीचा गावोगाव फिरून कर्जाची कागदपत्रं तपासणारा माणूस. दिंडोरीला एका द्राक्षबागेत मालकाची वाट बघत मांडवाखाली टेकला. वर पानांतून ऊन झिरपतंय, खाली गार माती. गडी गाढ झोपला! फोन वाजून वाजून थकला. शेवटी बागमालकानंच तो उचलला.

"तुमचा माणूस झोपलाय, साहेब. लय दमलाय. त्याच्यासाठी मी फवारणीचा ट्रॅक्टर बंद केलाय, तुम्ही बी जरा दम धरा ना!"

साहेब म्हणाले, "ठीक आहे, पण बागेचा फोटो तेवढा तुम्ही अपलोड करा."

*

कर्मचाऱ्यांवर ताण आहे, हे कंपनीला एकदाचं पटलं. उपाय काय? रविवारी मनःशांतीचं शिबिर! हजेरी सक्तीची!

शिबिर घेणाऱ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा. एखादं शांत तळं डोळ्यांसमोर आणा." पुढचं कुणालाच आठवत नाही. ऑफिसचा अख्खा तिसरा मजला त्या तळ्याकाठी झोपला. जाग आली तेव्हा बाई गेलेल्या होत्या.

सोमवारी मेल आला, 'शिबिरात झोपलेल्यांनी पुढच्या रविवारी पुन्हा यावे.'

*

हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी थेट मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लावला. म्हटलं, "माणसं आहेत ती! तुमची प्रतिक्रिया हवी, आजच हवी!" त्यांनी माझा नंबर अगदी आदरानं लिहून घेतला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "नमस्कार सर, पर्सनल लोन हवंय का?"

*

आणि वैशालीची तिसरी मुलाखत. व्हिडिओ कॉलवर मुंबईचे तीन मोठे साहेब. आदला आठवडाभर तिमाहीअखेरच्या कामानं तिचा पार भुगा केलेला. पहिल्या साहेबांनी कंपनीचं व्हिजन समजावायला घेतलं. खोलीत एसीची मंद घरघर. वैशालीनं हनुवटीखाली हात घेतला.

"मग मी एका लांबलचक पायवाटेनं चालले होते, दादा," ती मला सांगत होती. "दोन्ही बाजूंना गवत, वारा सुटलेला, आणि मला कुणी म्हणता कुणी हाक मारत नव्हतं."

चष्म्याच्या काचांवर स्क्रीनची पांढरी चमक होती, त्यामुळे मिटलेले डोळे कुणाला दिसलेच नाहीत. पाऊण तासानं "एनी क्वेश्चन्स?" कानावर पडलं तेव्हा तिला जाग आली. ती म्हणाली, "नो सर."

घरी जाऊन तिनं राजीनामा टाइप करून ठेवला.

चार दिवसांनी टपरीवर आली ती हातात पत्र घेऊनच. मी वाचलं. 'वरिष्ठांचे म्हणणे शांतपणे, मध्ये न बोलता ऐकून घेतात. नेतृत्वगुण स्पष्ट दिसतात. मॅनेजरपदी निवड.'

"अगं, अभिनंदन!" मी म्हणालो.

तिनं पत्राची घडी घातली.

"दादा, नऊ वर्षं उगाच जागी राहिले हो!"